गाडीवरचं पांघरूण

बाबांची स्प्लेंडर १९९८ सालची. गावी ती वीस वर्षं पडवीत उभी असायची, त्यामुळे तिला झाकायचा प्रश्न कधी आलाच नाही. बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी ती माझ्या हवाली केली. मी राहतो रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीजवळ, भाड्याच्या घरात. गाडी उभी करायला अंगण आहे, वर आभाळ आहे. चावी हातात देताना बाबा एवढंच म्हणाले, "झाकून ठेव हो." त्या तीन शब्दांत किती काय दडलेलं होतं, ते कळायला मला चार कव्हरं लागली.

१. पाणी वरूनच येतं असं नाही. पहिल्या पावसाळ्यात मी बाजारातली सगळ्यात जाड प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि सुतळीने आवळून गाडी पार जमिनीपर्यंत गुंडाळली. वरून एक थेंबही आत जाणार नाही याची खात्री होती, आणि तसा तो गेलाही नाही. आठ दिवसांनी गाठी सोडल्या, तर ताडपत्रीची आतली बाजू थेंबांनी भरलेली. सीटवर पांढरी बुरशी, चाकाच्या तारांवर तांबूस ठिपके, सायलेन्सरच्या चकाकीवर डाग. खालच्या ओल्या मातीतून वाफ वर येत होती, रात्री गार पडलेल्या प्लॅस्टिकला चिकटत होती आणि पुन्हा गाडीवरच ठिबकत होती. उघड्यावरची गाडी भिजते, पण वारा लागला की सुकतेही. मी तिच्या सुकण्याचीच वाट बंद केली होती. पावसात नुसती भिजली असती तरी तिचं इतकं नुकसान झालं नसतं, हे मान्य करायला मला फार जड गेलं. तेव्हापासून कव्हर घेताना मी आधी हवेची वाट शोधतो. हँडलच्या बाजूला खाली तोंड असलेली झडप हवी, मागेही एक हवी, आणि खालची कड जमिनीपासून वीतभर वर हवी.

२. कव्हर मरतं ते उन्हाने. कोकणात राहणाऱ्याच्या डोक्यात सदा पाऊस असतो. पण पाऊस चार महिने, ऊन आठ महिने. माझी ती जाड ताडपत्री मे महिन्यात हाताला लागताच पापडासारखी तुटली. तिचे निळे कपटे नंतर कितीतरी दिवस मी अंगणातून वेचत होतो. दुसरं कव्हर नायलॉनचं घेतलं. हाताला मऊ आणि ओढायला चिवट, म्हणून घेतलं. पण उन्हापुढे नायलॉन पॉलिएस्टरइतकं टिकत नाही. दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडाला, आणि मग एके सकाळी आरशाच्या टोकाने ते सरळ फाटलं. आता मी पॉलिएस्टरच घेतो. बाहेरून चंदेरी लेप असलेलं बरं, कारण तो ऊन परतवतो आणि खालचा धागा वाचतो.

३. आकडा वाचायचा तर तो कशाचा आहे ते आधी विचारावं. दुकानात "हे १९० चं आहे" असं सांगितलं की मला ते भक्कम वाटायचं. खरं तर १९०टी म्हणजे एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज. वीण किती दाट आहे ते तिच्यावरून कळतं, धागा किती जाड आहे ते नाही. जाडीचा आकडा डेनियरचा. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. घडी घालून सीटखाली ठेवायचं असेल तर हलकं कापड चालतं, पण बारमाही बाहेर राहणाऱ्या गाडीला मी ३०० डेनियरच्या खाली जात नाही. ६०० चं वजनदार होतं आणि रोज ओढताना हाताला जाणवतं, तरी वाऱ्यात ते बसल्या जागी राहतं.

४. कापड चांगलं असूनही पाणी शिरतं, तेव्हा शिवण बघावी. हे मला सीट कव्हर शिवणाऱ्या काकांनी शिकवलं. तिसरं कव्हर टाकीच्या बरोबर मध्यावर गळायचं. मी कापडाला दोष देत ते घेऊन गेलो. काकांनी ते उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "कापड वाईट नाय हो. सुईचं भोक बघा." मधली शिवण उजेडात चाळणीसारखी दिसत होती. गाडीच्या पाठीच्या कण्यावरूनच ती गेली होती, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त जिथे साचतं तिथूनच. वरचा पट्टा अखंड हवा, शिवण कुशीवर यावी, आणि तिच्यावर आतून टेप हवी. काकांनी मधल्या शिवणीवर रेक्झिनची पट्टी लावून दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्यांच्यामुळे ते कव्हर आणखी एक पावसाळा चाललं.

५. सैल कव्हर म्हणजे पॉलिश पेपर. समुद्रावरचा वारा कव्हरात शिरला की ते शिडासारखं फुगतं, आपटतं, पुन्हा फुगतं. आत धूळ असेल तर रात्रभर टाकीवर घासणी चालू. बाबांनी जपलेल्या काळ्या रंगावर मी बारीक ओरखड्यांचं जाळं उमटवलं, आणि ते पॉलिशने पूर्ण गेलं नाही. कडेला इलॅस्टिक असून भागत नाही. घोड्याला तंग असतो तसा गाडीच्या पोटाखालून पट्टा हवा. आरशांना वेगळी टोपणं असली की कव्हर सरकत नाही. आणि टाकीवर येणाऱ्या भागाला आतून मऊ अस्तर हवंच.

६. घाई नडते. पॉलिएस्टर सुमारे २५० अंशांना वितळतं, आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीचा सायलेन्सर, विशेषतः इंजिनाजवळचा वाकडा पाइप, बराच तापलेला असतो. अर्धा तास थांबतो आता.

७. मीठ झाकून ठेवलं तर ते आत राहून काम करतं. खाऱ्या वाऱ्याचा थर डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळतो. मी एकदा हँडलवरून बोट फिरवून चाखून पाहिलं होतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि त्या ओलीत लोखंड लवकर गंजतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं, उन्हात पूर्ण सुकवणं, चेनला तेल देणं आणि मग झाकणं, असा माझा क्रम ठरला आहे. ओल्या गाडीवर चांगलं कव्हर घातलं तर चांगलं कव्हरच तिचा घात करतं. स्टँडखाली जांभ्याचा चिरा ठेवला आहे, म्हणजे आषाढातल्या मातीत तो रुतत नाही.

८. झाकलेली गाडी विसरायला होते. आईच्या आजारपणात मी महिनाभर गावी होतो. परत येऊन कव्हर काढलं तर सीटखाली उंदराने काथ्या आणि चिंध्यांचं घर केलेलं, दिव्याची वायर कुरतडलेली. पांघरुणाखालची ऊब त्यालाही सापडली होती. आता गाडी चालवायची नसली तरी दर दोन-तीन दिवसांनी मी कव्हर उचलतो, हवा खेळू देतो, इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो.

९. चौथं कव्हर तिसऱ्या वर्षात आहे. यंदा शिमग्यानंतर बाबा आले. चहाही न घेता आधी अंगणात गेले, पट्टा सोडला, कव्हर बाजूला केलं. टाकीवर हात ठेवला, तारांवरून बोट फिरवलं. मी शेजारी उभा राहून वाट बघत होतो. मग गुडघा धरून ते सावकाश खाली वाकले, मागच्या मडगार्डच्या आतून बोट फिरवून बाहेर काढलं आणि मला दाखवलं. बोटावर गेल्या पावसाची सुकलेली माती होती, आणि तिच्यात गंजाची पूड.

"इथे कव्हर पोचत नाही," ते म्हणाले. "जुना टूथब्रश आहे का घरात?"

मी आत जाऊन दोन आणले.