दाढ काढल्यावर गाल फुगला तर...

अक्कलदाढ काढून आलेल्या एका मावशींचा गाल तासाभरात डोळ्यापर्यंत फुगला. भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी असावी, असे मलाही प्रथम वाटले. पण खाज नव्हती, अंगावर पित्त उठले नव्हते. गाल बोटाने हलकेच दाबला, तर कुरमुऱ्यांची पुडी दाबावी तशी चुरचुर लागली. कातडीखाली हवा शिरली होती!

दाढ कापण्याचे एअरोटर यंत्र दाबाच्या हवेवर फिरते. ती हवा क्वचित हिरडीच्या जखमेतून आत घुसते. १९०० साली नोंदलेल्या रुग्णाने तर दात काढल्यावर बिगुल फुंकला होता!

पुवाची सूज सहसा दोन-तीन दिवसांनी, ठणका घेऊन येते. हवेची बहुधा काही मिनिटांत वा तासांत. अशी सूज चोळू नये, नाक जोराने शिंकरू नये, फुगे फुंकू नयेत आणि दंतवैद्यांना त्याच दिवशी दाखवावे. बहुतेकांची हवा आठ-दहा दिवसांत आपोआप जिरते. ती मानेतून छातीत उतरली, तर मात्र छातीत दुखते, दम लागतो, आवाज बदलतो, घास गिळवत नाही. अशा वेळी रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठावे.

मावशींना मी एक्स-रेसाठी जिल्ह्याच्या गावी धाडले. छातीत हवा नव्हती. आठवड्याने त्या आल्या, तेव्हा गाल पूर्ववत होता.