ससा पाळायचा : एक की दोन?

ससा सर्वांचा आवडता प्राणी आहे. पण पाळायचा तर एक आणावा की दोन, हे आधी ठरवावे लागते. आमच्या घरी सध्या हाच प्रश्न आहे. धाकटी बहीण ससा मागते. आजी म्हणते, "एकच बास! दोघांचं कोण बघणार?" म्हणून मी माहिती गोळा केली. ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

१) दोन वेगळे प्राणी : आपल्या शिवारात दिसतो तो तपकिरी रानससा. तो एकटा राहतो. बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व डोळे उघडलेली असतात. त्याला पकडायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पाळीव सशाचे पूर्वज मात्र युरोपातले. ते जमिनीत बिळे करून गटाने राहतात. त्यांची पिल्ले बिनकेसांची, डोळे मिटलेली असतात. डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात.

२) सोबत कशाला? : आम्ही दिवसभर शाळेत, आई-बाबा शेतावर. तेवढा वेळ एकटा ससा काय करील? गटात राहणाऱ्या जनावराला सोबत लागतेच. दोन ससे एकमेकांना चाटतात, चिकटून बसतात. धोका वाटला की एकजण मागचा पाय जमिनीवर आपटून दुसऱ्याला सावध करतो.

३) कोणते दोन? : नर-मादी आणली तर हिशोब करा. मादी सुमारे ३० दिवसांत व्याते. एका वेताला ६ पिल्ले आणि वर्षात ५ वेते धरली, तर ६ × ५ = ३० पिल्ले! शिवाय त्यातल्या माद्या पाच-सहा महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. एवढी पिल्ले ठेवणार कुठं? बाहेर सोडली तर कुत्री-मांजरे खातील. दोन नर आणले तर वयात आल्यावर रक्त निघेपर्यंत भांडतात. म्हणून एकाच वेतातल्या दोन बहिणी बऱ्या. किंवा नराचे खच्चीकरण करून मग जोडी ठेवावी. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे अवघड असते, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे. बहिणीही कधी कधी भांडतात. त्यासाठी वेगळे ठेवायची सोय हवी.

४) खर्च आणि कष्ट : आजीचं म्हणणंही खोटं नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला रोज भरपूर गवत लागते. चित्रातला ससा गाजर खातो, पण गाजर थोडेच द्यावे. पिंजरा एवढा हवा, की तीन उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभे राहिल्यावर कान वर टेकू नयेत. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. म्हणून उन्हाळ्यात सावली, वारा व गार पाणी पाहिजेच. कान धरून मात्र कधी उचलू नये.

ससा आठ-दहा वर्षे जगतो. आज तिसरीतली मुलगी तेव्हा बारावीत असेल! तोपर्यंत गवत आणायचे आहे.

यावरून मला एवढे कळले, की दोघांची सोय होत असेल तर दोन आणावेत. होत नसेल तर एकही आणू नये. आधी पिंजरा, मग ससे.

सोडवा : वर्षाला ५ ऐवजी ४ वेते झाली, तर दोन वर्षांत एका मादीची पिल्ले किती?

— इयत्ता सातवीचा विद्यार्थी