दम कोठून येतो? : कराटेतील पोटश्वसन

कराटेच्या वर्गात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी ठोसा आणि लाथ यांकडेच लक्ष देतो. पण दोन-तीन मिनिटांच्या सरावात त्याला धाप लागते, खांदे वर-खाली होऊ लागतात आणि हात थकण्याआधी दम संपतो. पुष्कळदा याचे कारण ताकद कमी असणे हे नसून श्वास घेण्याची चुकीची पद्धत हे असते. गायक आणि पैलवान ज्याला दमसास म्हणतात, तो युद्धकलेत कसा कमवावा, याचा आपण येथे थोडक्यात विचार करू.

श्वासपटलाचे कार्य

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो, छातीची पोकळी वाढते व हवा आत येते. खालचे अवयव दाबले गेल्यामुळे पोट पुढे येते. म्हणजे ‘पोटाने श्वास घ्या’ असे शिक्षक सांगतात तेव्हा हवा पोटात जात नसते. ती फुप्फुसांतच जाते. पोट केवळ श्वासपटलाची हालचाल दाखवते.

यातील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. प्रौढ माणसाच्या प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा व श्वासनलिकेतच राहते. रक्ताला तिचा उपयोग होत नाही. समजा, एकाने मिनिटाला २४ वेळा २५० मिलिलिटर हवा घेतली आणि दुसऱ्याने १२ वेळा ५०० मिलिलिटर. दोघांनीही एकूण ६ लिटरच हवा घेतली. पण पहिल्याच्या वायुकोशांत २.४ लिटर पोहोचली, तर दुसऱ्याच्या ४.२ लिटर. हे आकडे विश्रांतीच्या वेळचे आहेत. सरावात गरज अनेक पटींनी वाढते, पण नियम तोच राहतो.

सानचिनची परंपरा

ओकिनावा बेटावरील नाहा शहरात हिगाओन्ना कानर्यो (१८५३–१९१५) व त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी श्वासाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. मियागी यांच्या शाखेचे नाव गोजू-र्यू. ‘गो’ म्हणजे कठोर व ‘जू’ म्हणजे मृदू. या शाखेचा पाया असलेल्या ‘सानचिन’ या कतात पावले मोजकीच असतात. प्रत्येक हालचाल मात्र श्वासाशी बांधलेली असते. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओटीपोट घट्ट करीत तो तोंडाने सोडायचा.

भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्मांनी शाओलिन विहारात असे व्यायाम शिकवले, असे परंपरा सांगते. परंतु या कथेचा आधार मानला जाणारा ‘यिजिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातील असल्याचे संशोधक मानतात. म्हणून ही कथा आदराने ऐकावी, पण इतिहास म्हणून सांगू नये.

ठोसा मारताना श्वास का सोडावा?

श्वास जोराने सोडताना पोटाचे स्नायू आवळले जातात, धड स्थिर होते आणि पायांतून आलेला जोर मुठीपर्यंत पोहोचतो. ‘किआई’ या आरोळीचे एक प्रयोजन हेच आहे. उलट, पोट सैल असताना तेथे फटका बसला, तर श्वासपटलाला पेटका येऊन काही क्षण श्वासच घेता येत नाही.

सरावाची पद्धत

१. गुडघे दुमडून उताणे झोपावे. एक हात छातीवर व दुसरा पोटावर ठेवावा.
२. मनात ३ अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा. पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा शक्यतो स्थिर राहावा.
३. ५ ते ६ अंक मोजत सावकाश श्वास सोडावा.
४. रोज ५ मिनिटे असा सराव करावा. तो अंगवळणी पडल्यावर बसून, मग उभे राहून आणि शेवटी ठोशाबरोबर करावा.

सराव भरल्या पोटी करू नये. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो. भराभर खोल श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जोर लावून श्वसन करू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गल्लत टाळावी. आनापानसतीत श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, तर येथे श्वासाला वळण लावायचे असते. दोन्हींचा हेतू वेगळा आहे.

स्वसंरक्षण आणि श्वास

भीती वाटली की श्वास आपोआप छातीत चढतो, नाही तर कोंडतो. घसा आवळतो आणि आवाज फुटत नाही. हृदयाचे ठोके आपल्या हुकमाने थांबत नाहीत. श्वास मात्र आपल्या हाती असतो, आणि तो लांबवून सोडला की ठोकेही थोडे मंदावतात. एखाद्या मुलीला रस्त्यात कोणी अडवले, तर तिला त्या वेळी शिकलेले सर्व डाव आठवतीलच असे नाही. पण श्वास सोडत मोठ्याने ओरडण्याची सवय लागली असेल, तर तिला मदतीची हाक मारता येईल व पळताही येईल. म्हणून वर्ग चालवणाऱ्यांनी पट्ट्याच्या रंगापूर्वी विद्यार्थ्याचा श्वास तपासावा, आणि पालकांनीही ‘आज कोणता डाव शिकलास?’ याबरोबर ‘श्वासाचा सराव केलास का?’ असे विचारावे.