नालंदा : दारात विचारला जाणारा प्रश्न



आपल्या वस्तीतील वाचनालयाला, अभ्यासिकेला, कुणी नव्या घरालाही हौसेने 'नालंदा' हे नाव देतो. पण मुलाने विचारले की तिथे होते तरी काय, तर 'हजारो भिक्षू राहत होते' यापलीकडे आपल्याला फारसे सांगता येत नाही. म्हणून आजचा पाठ नालंदेचा.

नालंदा मगधात, आजच्या बिहारात, राजगृहाजवळ. पाचव्या शतकात गुप्त राजांच्या काळी हा महाविहार उभा राहिला व सुमारे सातशे वर्षे नांदला. सातव्या शतकात चीनचे भिक्षू ह्युएन त्संग तेथे शिकले. त्याच शतकात पुढे इत्सिंग आले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. नालंदेचा दिनक्रम आपल्याला कळतो तो मुख्यतः या दोघांमुळे.

बाहेरून वादविवादासाठी येणाऱ्याला दारातच अडवीत. द्वारावरचा पंडित कठीण प्रश्न विचारी. ह्युएन त्संग सांगतात की दहांपैकी सात-आठ जण तिथूनच परत फिरत. मात्र आपण येथे थोडे थांबावे. दारात ज्ञानाची परीक्षा होई हे खरे. पण त्या दारापर्यंत पोहोचण्याइतके शिकायला कुणाला मिळत होते, हाही प्रश्न बाबासाहेबांच्या अनुयायांनी विचारलाच पाहिजे.

आत काय शिकवीत? महायानाचे ग्रंथ, अठराही निकायांचे ग्रंथ, हेतुविद्या म्हणजे तर्क, शब्दविद्या म्हणजे व्याकरण, चिकित्साविद्या म्हणजे वैद्यक. शिवाय सांख्य आणि वेदसुद्धा! रोज सुमारे शंभर ठिकाणी व्याख्याने चालत. दीक्षेनंतर आपल्यापैकी काही घरांत जुन्या पोथ्यांचे नावही काढू देत नाहीत. ती पोथी पुजायची नाही, हे बरोबरच. पण ज्याचे खंडन करायचे ते आधी वाचावे लागते. बाबासाहेबांनी तेच केले. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांनी नाव दिले तेही मिलिंदाचे, भदन्त नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे.

भिक्षूंचा दिवस घटिकापात्रावर चाले. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडीत; ते भरून बुडाले की नगारा वाजे. सकाळी घंटा झाली की भिक्षू स्नानासाठी जवळच्या मोठ्या तलावांकडे निघत. इत्सिंग असे दहाहून अधिक तलाव सांगतात. विहारांत सारे भिक्षूच शिकत असेही नाही. प्रव्रज्या घ्यायची नाही, केवळ लौकिक विद्या शिकायची, असे गृहस्थांचे तरुणही असत. मात्र त्यांना आपला खर्च आपणच करावा लागे.

इत्सिंगांच्या काळी तीन हजारांवर भिक्षू तेथे होते. एवढ्या माणसांचे पोट कसे भरत होते? राजांनी दान दिलेल्या दोनशेहून अधिक गावांच्या उत्पन्नावर. तांदूळ, दूध, लोणी गावांतून येई. नालंदेचे वर्णन करताना आपण शीलभद्रांचे नाव घेतो, ते घ्यावेच. ज्या हातांनी ते भात लावले त्यांचीही आठवण ठेवावी.

कारभार संघाच्या मताने चाले. एखादे काम निघाले की विहारपाल एकेका भिक्षूपुढे हात जोडून ते सांगे. एकाचाही विरोध असला तर ते होत नसे. जबरदस्ती न करता त्याची समजूत घालावी लागे. ताम्रलिप्तीच्या विहारात तर, जो संघाला न विचारता स्वतःच निर्णय करी त्याला 'कुलपती' म्हणून बाहेर काढीत. आज तो शब्द विद्यापीठाच्या सर्वोच्च पदाला लावतात, ही गंमतच.

बाराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की स्वाऱ्या मगधावर आल्या आणि ते वैभव संपले. पण शिकवणे लगेच थांबले नाही. १२३५ च्या सुमारास धर्मस्वामी नावाचे तिबेटी भिक्षू तेथे आले, तेव्हा वापरण्याजोगे दोनच विहार उरले होते. त्यांत नव्वदी उलटलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवीत होते. त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था जयदेव नावाचा ब्राह्मण उपासक पाही. सैनिकांनी जयदेवाला ओदंतपुरीत कैद केले. त्याही स्थितीत त्याने गुप्त निरोप पाठविला, नालंदेवर स्वारी येत आहे, सर्वांनी निघून जावे.

सारे गेले. वृद्ध आचार्य मात्र जायला तयार होईनात. धर्मस्वामीही त्यांना सोडून जाईनात. शेवटी त्यांनी आचार्यांना पाठीवर घेतले, थोडे तांदूळ व साखर बरोबर घेतली आणि जवळच्या एका मंदिरात दोघे लपून राहिले. सैनिक आले, त्यांना कोणी सापडले नाही, ते निघून गेले. दोघे विहारात परतले आणि पाठ पुढे सुरू झाला.