दारू सुटली की मंत्रचळही सुटेल का?

प्रश्न : माझे यजमान भिलाईच्या पोलाद कारखान्यात शिफ्ट ड्युटी करतात. निघताना कुलूप ओढून बघतात, गाडीपर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. गॅसच्या बटणाचंही तेच. रात्री दोन-तीन पेग झाले की मात्र एकदाही उठत नाहीत. डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितलंय. ती सुटली की हे तपासणंही थांबेल का?
– एक वाचक, भिलाई

उत्तर : बहुधा नाही. ‘पेग झाले की उठत नाहीत’ हे तुम्ही आम्हाला लिहिलंत, तसंच डॉक्टरांनाही सांगायला हवं. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, नको तो विचार डोक्यातून हटत नाही. दारू त्याला काही तास दाबते. नशा उतरली की बेचैनी वाढून परत येते, तपासणं वाढतं आणि संध्याकाळी बाटलीही लवकर निघते.

केंद्र सरकारच्या 2019 च्या अहवालात छत्तीसगडमध्ये दारू पिणाऱ्यांचं प्रमाण 35.6 टक्के होतं, देशात सर्वाधिक. अशा ठिकाणी दारू चटकन नजरेत भरते आणि तिच्यामागचा आजार राहून जातो. रुग्णही आपणहून बोलत नाही, त्याला त्या विचारांची लाज वाटते. म्हणून दोन्ही बाजूंची विचारपूस एकाच बैठकीत व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

या विचारपुशीला यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. पुन्हा पुन्हा धुता का, तपासता का? नकोसा विचार पिच्छा पुरवतो का? रोजची कामं उरकायला फार वेळ लागतो का? मग दारूचं : कमी करावीशी वाटली का, कुणी टोकलं तर राग येतो का, पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का, सकाळी उठताच घ्यावी लागते का? गुडाखूचंही, म्हणजे दातांना लावायच्या तंबाखूच्या पेस्टचंही, विचारावं, कारण आपल्याकडे घरोघरी तिला कुणी नशा म्हणत नाही. उत्तरं ‘हो’ आली, तर डॉक्टर येल-ब्राउन ही 40 गुणांची मोजपट्टी आणि जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही 10 प्रश्नांची चाचणी वापरतात.

आधी काय सुरू झालं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. कुलपाचा नाद दारूच्या आधीपासून होता का? मधे काही महिने दारू बंद असताना तो टिकून होता का? हे आठवून कागदावर लिहून न्या. दारू नुकतीच सोडलेल्या दिवसांत घबराट तशीही वाढलेली असते, त्यामुळे मोजणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. उपचार मात्र त्यासाठी अडवून ठेवू नयेत. ‘आधी दारू सोडून या, मग ओसीडीचं बघू’ असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ओसीडीवर गोळ्या आहेत. शिवाय कुलूप एकदाच लावून, मनातली भीती सोसत पुढे निघायचा सरावही शिकवला जातो.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्याही मनाने देऊ नका, त्यांचीही सवय लागते. रायपूरच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. त्याआधी बोलायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. आज रात्रीच लावा.