परदेशी विक्री : सगळे सोपवावे की निम्मे हाती ठेवावे?



अलीकडच्या गट सभांत उसाच्या बिलाखालोखाल एक विषय वारंवार निघतो. आपल्यातील काही सभासद घरच्या गुऱ्हाळावर गूळ पावडर आणि काकवी करतात. (कारखान्याच्या पत्रिकेत गुऱ्हाळाचे नाव आले म्हणून शेतकी खात्याने रागावू नये.) कुणाच्या घरची मंडळी हळद, मसाला, पापड पुड्यांत भरून विकतात. हा माल आता परदेशात पाठवा, असे सांगणारी माणसे दारी येऊ लागली आहेत. एक म्हणतो, "माल आमच्या गोदामात आणून टाका, पुढचं आम्ही बघतो." दुसरा म्हणतो, "माल तुमचा, नाव तुमचं, भावही तुमचा. इंटरनेटवरचं दुकान तेवढं आमचं." यातले कोणते धरावे, हा प्रश्न.

पहिल्या पद्धतीला आपण संपूर्ण सोपवणी म्हणू आणि दुसरीला निम्मी सोपवणी. नावे नवी वाटली तरी दोन्ही गोष्टी आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. कारखान्याला ऊस घालणे ही संपूर्ण सोपवणीच की! टोळी कारखान्याची, वाहन कारखान्याचे, तोडणी-वाहतूक बिलातून वजा. साखर कुठल्या पेठेत गेली, कोणी खाल्ली, हे आपल्याला पाहावे लागत नाही. याउलट गूळ करून पेठेत अडत्याकडे लावला म्हणजे निम्मी सोपवणी. जागा आणि गिऱ्हाईक अडत्याचे, पण ढेप विकेपर्यंत आपली. अडत, हमाली, तोलाई वजा होऊन हातात पट्टी येते. भाव चढला तर आनंद, पडला तर भोगा. कांद्याच्या पट्टीत उलट आपणच पैसे देणे लागतो, असे पाहिलेले सभासद आपल्यात आहेत. आम्हीही त्यातलेच.

आता थोडे मुंबईला जाऊ. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी गिरणीत होते आणि त्यांच्या पाकिटावर 'बीडीडी चाळ, वरळी' असा पत्ता असायचा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. बायका-मुले गावी आणि खोलीत गावकरी पुरुष दाटीने राहात. अशा वस्त्यांत घरबसल्या कमाई करणाऱ्या बायांना दोन वाटा होत्या, आणि आपल्या प्रश्नाचे दोन्ही जबाब त्या दोन वाटांत सापडतात.

पहिली वाट खानावळीची. गिरणगावात बाई आपल्याच खोलीत दहा-वीस गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घाली. पैसे पगार झाल्यावर. तोवर ज्वारी, डाळ, तेल वाण्याकडून उधार आणि त्यावर जबर व्याज. म्हणजे भांडवल तिचे, जोखीम तिची आणि गिऱ्हाईकही तिचे. कोणाला तिखट लागते, कोण पथ्यावर आहे, हे तिला ठाऊक. भाकरीची चव बिघडली तर माणूस शेजारच्या खोलीत जेवायला जाईल, हेही ठाऊक. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली, ती याच कारणासाठी. धंदा त्यांना येत होता. अडचण होती ती महिनाभर अडकून पडणाऱ्या पैशाची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. मग ज्यांनी आधीच जेवू घातले होते त्यांची उधारी कोणी द्यायची?

दुसरी वाट पापडाची. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाना निवासाच्या गच्चीवर सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसकण मारली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोच आजचा लिज्जत. पुढे काम वाढल्यावर पद्धत अशी बसली, की बहिणीने सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटून वाळवायचे, परत आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. उडदाचा भाव, पाकीट, जाहिरात, दुकानदार यांतले काही तिच्या अंगावर नाही. परदेशात जाणारा मालसुद्धा निर्यात व्यापाऱ्यांमार्फत जातो. १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच पोती उडीद ठेवायला जागा कुठे असणार? साठवायला जागा नाही आणि गुंतवायला पैसा नाही, अशा घराला ही वाट बरोबर होती. संपूर्ण सोपवणीला आळशाचा धंदा म्हणणाऱ्यांनी ती खोली एकदा डोळ्यांसमोर आणावी. (त्यातल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.)

आता मोबाइलवरच्या दुकानांकडे येऊ. संपूर्ण सोपवणीचा मोठा प्रयोग चिनी कंपन्यांनी केला. टेमू हे दुकान सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत उघडले. कारखानदाराने माल चीनमधल्या गोदामात पोचवायचा. विक्रीचा भाव, फोटो, जाहिरात, जहाज-विमान, जकात, परत आलेला माल, सगळे दुकानाकडे. कारखानदाराला मिळतो तो फक्त पुरवठ्याचा दर. तोही असा ठरतो की तोच माल करणारे दहाजण रांगेत उभे, जो कमी मागेल त्याचा नंबर. २०२४ मध्ये त्याच कंपन्यांनी निम्म्या सोपवणीचे दार उघडले. दुकान त्यांचे, पण माल विकणाऱ्याने परदेशातल्या गोदामात आधीच नेऊन ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला तिथून पोचवायचा. कारण उघड होते, सुट्या पार्सलावरची जकातमाफी जाणार हे दिसू लागले होते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची माफी चीनच्या मालाला मे २०२५ मध्ये आणि बाकी सर्व देशांना २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली.

ती दुकाने आपल्याकरता नाहीत, पण दोन्ही वाटा आपल्यालाही आहेत. आपल्याकडे संपूर्ण सोपवणी म्हणजे दारात रोख माल घेणारा निर्यात व्यापारी. निम्मी म्हणजे अॅमेझॉनसारख्या दुकानात आपल्या नावाने उभे राहणे. भारतातल्या विक्रेत्यांना परदेशात विकण्याची सोय त्यांनी २०१५ पासून ठेवली आहे. त्यात पुन्हा दोन पोटप्रकार : माल त्यांच्या परदेशी गोदामात नेऊन ठेवणे, किंवा मागणी येईल तसे इथून पार्सल करणे. निम्म्या वाटेला आयात-निर्यात कोड आपला लागतो. खाण्याचा माल अमेरिकेला जायचा तर तयार करण्याच्या जागेची तिथल्या अन्न-औषध खात्याकडे नोंद आणि प्रत्येक पाठवणीची आगाऊ सूचना लागते. इथून पार्सल करणाऱ्यांना २०२५ साली चांगलाच फटका बसला. २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची पार्सले थांबवावी लागली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला आणि दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे फराळ-मसाल्याचा सगळा हंगाम हातचा गेला.

हिशेब मांडल्याशिवाय कुठलीही वाट खरी कळत नाही. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, बाजारभाव म्हणून धरू नयेत.

समजा, गूळ पावडरीचा अर्ध्या किलोचा पुडा करायला ४८ रुपये खर्च येतो. व्यापारी दारात ६० देतो. हजार पुड्यांवर १२ हजार सुटले, विषय संपला. निम्म्या सोपवणीत तोच पुडा परदेशात ४२० रुपयांना जातो. हा आकडा ऐकूनच माणसाचे डोळे फिरतात! पण पट्टी पाहू. दुकानाची दलाली ६३, गोदामातून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोचवणी १९०, जाहिरात १५. विकलेल्या पुड्यामागे हाती येतात १५२. त्याआधी, एकही पुडा न विकता, प्रत्येक पुड्यावर आपण खर्चलेले असतात करणावळीचे ४८, जहाजभाड्याचे ६० आणि जकात-सोडवणुकीचे २०, मिळून १२८. हजार पुड्यांना १ लाख २८ हजार. सगळे हजार खपले तर २४ हजार राहतात, व्यापाऱ्याच्या दुप्पट. नऊशे खपले तर ८ हजार ८०० राहतात, म्हणजे व्यापारी बरा होता. सातशेच खपले तर २१ हजार ६०० खिशातून गेले. व्यापाऱ्याच्या १२ हजारांशी नुसती बरोबरी करायला ९२२ पुडे विकले जावे लागतात. उरलेल्या पुड्यांचे गोदामभाडे चालूच राहते. आणि परदेशातून गूळ परत आणायचा खर्च गुळापेक्षा जास्त, म्हणून तो तिथेच नष्ट करावा लागतो, त्याचीही फी. गुळाला पाणी सुटते हे गुऱ्हाळवाल्यांना सांगायला नको.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग व्यापाऱ्यालाच द्यावे. थांबा. व्यापारी पुढच्या वर्षी ६० चे ५५ म्हणाला, तर १२ चे ७ झाले आणि आपल्या हाती काही नाही. पुड्यावर नाव त्याचे. तीन वर्षे माल देऊनही कुठल्या गावच्या कोणी तो खाल्ला, पुन्हा मागितला का, बारीक दळलेला आवडला की रवाळ, याचा पत्ता नाही. खानावळवाल्या बाईला गिऱ्हाईक ठाऊक होते, ती विद्या इथे मिळतच नाही. शिवाय काही करारांत 'नापसंत माल पुरवठादाराच्या खर्चाने परत' असे बारीक अक्षरात असते. म्हणजे भाव त्याचा आणि नुकसान आपले. तसला कागद सहीआधी कोणा जाणत्याला दाखवावा.

आणि इथेच लिज्जतच्या बहिणींचा मुद्दा पुन्हा घ्यावा लागतो. त्यांनी सगळे सोपवले खरे, पण सोपवले ते स्वतःच्याच संस्थेला. लाटणारी बाई तिथे सभासद आहे, नफ्या-तोट्यात तिचा वाटा आहे. त्यामुळे तिची संपूर्ण सोपवणी आणि परक्या व्यापाऱ्याकडची संपूर्ण सोपवणी वरून सारखी दिसली तरी एक नव्हे. आपण कारखान्याला ऊस घालतो तेव्हाही वार्षिक सभेत उभे राहून भाव विचारता येतो. टेमूला माल देणाऱ्याला कोणाला विचारता येणार? 'किती सोपवावे' एवढेच पाहून भागत नाही, 'कोणाला सोपवावे' हे आधी पाहावे, असे आमचे मत आहे.

द्राक्षवाल्यांनी हे करून दाखवले आहे. १९९१ मध्ये द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली. बागाईतदाराने माल आपल्या संस्थेला द्यायचा. शीतगृह आणि पूर्वशीतकरण संस्थेचे. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलणे महाग्रेप्सचे. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने संपूर्ण सोपवणी, पण एकत्रित संस्था परदेशी बाजारात निम्म्या वाटेवर उभी. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सुरुवातीला माल नाकारला गेला. पुढे २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि निर्यातदारांबरोबर बागाईतदारही पोळले. संस्था असली म्हणून जोखीम नाहीशी होत नाही. ती वाटली जाते, आणि तपासणीचा खर्च एकट्यावर पडत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे चार-सहा महिने अडकवायला पैसा नाही, त्यांनी सध्या व्यापाऱ्याला रोख द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. पण पुड्यावर आपले किंवा गावाचे नाव राहील एवढे मागून घ्यावे आणि सगळा माल एकाच व्यापाऱ्याला बांधून देऊ नये. ज्यांना निम्मी वाट चालून पाहायची आहे, त्यांनी एकट्याने हजार पुडे पाठवण्याऐवजी दहाजणांनी शंभर-शंभर घालून एका नावाने पाठवावेत. तेही काकवीसारख्या सांडणाऱ्या मालाचे नव्हे, हळद-मसाल्यासारख्या टिकाऊ आणि वजनाला हलक्या मालाचे. पोचवणावळ वजनावर असते.

वरची पट्टी रिकाम्या रकान्यांसह छापून प्रत्येक गट ऑफिसात ठेवली आहे. आपला करणावळीचा खरा आकडा, घरच्यांची मजुरी धरून, भरून आणावा. मजुरीचा रकाना बहुतेकजण कोराच सोडतात.