थर लावण्याआधी

पथक आता तुझ्या हातात आलंय, तर काही गोष्टी तुझ्या कानावर घालतो. हंडीचे थर ताकदीवर लागतात असं बघणाऱ्यांना वाटतं. ताकद लागतेच, पण मी कोसळताना पाहिलेले बरेचसे थर घाबरलेल्या अंगामुळे कोसळले. खालचा एक जण घाबरला की त्याचा श्वास छातीत अडकतो, खांदे आखडतात, गुडघे लटपटतात. ती थरथर त्याच्या खांद्यावरच्या पायांतून वर चढत सगळ्यात वरच्या पोरापर्यंत, एक्क्यापर्यंत जाते. त्या पोराला कारण कळत नाही, भीती तेवढी कळते.

म्हणून गुरुपौर्णिमेला सराव सुरू केलास की पहिल्याच दिवशी थर मोजायला लागू नकोस. सगळ्यांना घेरा करून उभं कर, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला सांग आणि एकाच वेळी श्वास सोडायला लाव. घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला लागला पाहिजे. मेंदूतून निघून हृदयाकडे आणि पुढे पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस आहे. श्वास सोडताना ती हृदयाचा वेग उतरवते, घेताना तो पुन्हा वाढतो. मिनिटाला सहाएक श्वासांवर आलं की आखडलेलं अंग सुटायला लागतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्यामुळे सगळ्यांचा श्वास एका वेळी पडत होता आणि ठोक्यांची चढउतारही एकमेकांशी जुळत होती. भजनाला बसणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही.

आता तुझ्याबद्दल. थर उभा राहत असताना तू फार ओरडतोस. वर चढणारं पोर खाली बघतं तेव्हा आधी तुझा चेहरा बघतं. तुझ्या कपाळावरची आठी त्याच्या पोटऱ्यांत उतरते. सूचना कमी दे, आवाज खालच्या पट्टीत ठेव, नाव घेऊन हाक मार. आतून घाबरला असशील तर शांत असल्याचं सोंग करू नकोस, पोरांना ते लगेच कळतं. आधी स्वतः चार लांब श्वास सोड, मगच शिट्टी तोंडात धर.

हंडीच्या दिवशी तर आवाजाचा उपयोगच नसतो. स्पेनमधल्या कॅटलोनियात माणसांचे मनोरे रचतात, तिथे ग्राला नावाचं सनईसारखं वाद्य वाजतं. खाली दाटीत उभ्या असलेल्यांना मनोरा कुठवर आला ते सुरांवरून समजतं. आपल्याकडे समोर डीजेच्या भिंती. त्यामुळे स्पर्शाची खूण सरावातच ठरवून घे: पाठीवर तळहात म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे एक्का वर पोचला. तळाच्या पोरांना वरचं काहीच दिसत नाही. त्यांना खबर मिळाली नाही की मन वाईटच धरतं.

भांडलेल्या दोघांना शेजारी उभं करू नकोस. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात विजेच्या झटक्याची वाट बघणाऱ्या विवाहित बायकांच्या मेंदूची चित्रं घेतली होती. २००६ साली तो अभ्यास छापून आला. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी झाली, अनोळखी माणसाच्या हाताने त्याहून कमी उतरली, आणि संसार जितका चांगला तितका हात जास्त कामी आला. खांद्याचंही तसंच असणार, माझी तरी खात्री आहे. भांडण सरावाआधी मिटव, नाहीतर एकाला त्या दिवशी थराबाहेरच्या घेऱ्यात ठेव.

उपाशी, जागरण झालेला, प्यालेला कुणी थरात नको. यावर चर्चा नाही.

थर कोसळला तर आधी सगळे शाबूत आहेत ना ते बघ. मानेला, पाठीला लागलेल्याला हलवायची घाई करू नकोस. धडधाकट असतील त्यांना एकत्र बसव, पाणी दे, बोलू दे. दोष कुणाचा ते त्या दिवशी काढूच नकोस. त्याच संध्याकाळी तयार असतील त्यांचे तीन थर लाव आणि सावकाश उतरव, म्हणजे अंगात पडण्याची आठवण एकटी राहत नाही.

शेवटचं एक्क्याचं. १४ वर्षांखालचं पोर वर चढवायचं नाही, बक्षीस कितीही मोठं असो. त्याहून मोठं पोरही ‘आज नको’ म्हणालं, किंवा नुसतं गप्प होऊन तुझ्याकडे बघत राहिलं, तर त्याला खाली घे आणि चारचौघांत कारण विचारू नकोस.